बॉक्सिंग ग्लोव्हज घरी कसे साफ करावेत

सराव संपला की ग्लोव्हज बॅगेत कोंबायचे, चेन लावायची आणि दुसऱ्या दिवशी बॅग उघडल्यावर नाक मुरडायचं, असं बहुतेकांचं चालतं. ताज्या घामाला फारसा वास नसतो. ग्लोव्हच्या आतल्या उबेत आणि ओलीत जिवाणू घामावर पोसले जातात आणि त्यातून तो कुबट वास येतो. त्यामुळे आतली ओल काढणं हेच मोठं काम. स्प्रे, सुगंधी पिशव्या वगैरे त्यानंतर.

ग्लोव्हज हातातून निघाले की पट्टा पूर्ण सोडा आणि मनगटाकडचं तोंड होईल तेवढं फाकवा. कोरडं सुती कापड बोटाला गुंडाळून आतून टोकापर्यंत पुसा. अंगठ्याचा कप्पा हमखास राहून जातो आणि तिथे हवा सगळ्यात कमी खेळते. मग कागद चुरगळून आत भरा, पण गच्च ठासू नका, नाहीतर अस्तर शिवणीवर ताणतं. फिक्या अस्तराला शाई लागू नये म्हणून कोरा कागद बरा. तासाभरात कागद दमट होतो. तो तसाच आत राहिला तर ओल परत अस्तरात जाते, म्हणून काढून टाका आणि ग्लोव्हजची तोंडं पंख्याकडे करून ठेवा. सुकले की नाही हे बाहेरून कळत नाही. आत बोट घालून टोकाशी दाबा. गार लागलं तर ओल अजून आहे.

कडक ऊन, हेअर ड्रायर, हीटर यांच्या वाटेला जाऊ नका. चामडं कोरडं पडून तडकतं, कृत्रिम चामड्याचा वरचा थर सोलवटतो. वॉशिंग मशीन तर नाहीच. फोम पाणी धरून ठेवतो, ते सुकायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर वास आधीपेक्षा वाढलेला असतो. वर फोमचा आकारही बिघडतो.

आठवड्यातून एकदा आतून पुसायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. ते थेट ग्लोव्हमध्ये फवारू नका; कापड भिजवून घट्ट पिळा आणि त्याने पुसा. व्हिनेगरचा वास सुकल्यावर जातो. बाहेरच्या बाजूला कोमट पाण्यात दोन-चार थेंब सौम्य साबण पुरे. नंतर साध्या ओल्या कापडाने साबण काढून कोरडं करा. चामड्यावर सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं अल्कोहोल चामडं कोरडं करतं.

वास मुरलेला असेल तर जुन्या पातळ मोज्यात दोन चमचे खाण्याचा सोडा बांधून रात्रभर आत ठेवा. सोडा सुटा टाकला की शिवणीत अडकतो, घामाने त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या हाताला घासतात. सोडा नि व्हिनेगर एकदम वापरण्यात अर्थ नाही, दोघं एकमेकांचा परिणाम मारतात. फ्रीजरमध्ये ठेवायची टूमही फसवी आहे: थंडीने बरेचसे जिवाणू नुसते झोपतात, ग्लोव्ह गरम झाला की पुन्हा कामाला लागतात.

अस्सल चामड्याला महिन्या-दोन महिन्यांनी वाटाण्याएवढं लेदर कंडिशनर चोळा, जादा राहिलेलं पुसून घ्या. स्वयंपाकाचं तेल लावलं तर ते खवट होतं. कृत्रिम चामड्याला कंडिशनरची गरज नाही. वेल्क्रोत अडकलेले धागे नि केस सुईने उपसून काढा. पट्टा ऐन सरावात सुटतो तो बहुधा याच कचऱ्यामुळे.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक हँड रॅपने, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या लांब कापडी पट्ट्यांनी पडतो, कारण बराचसा घाम तेच अडवतात. ते प्रत्येक वापरानंतर धुवा. वेल्क्रो बंद करून जाळीच्या पिशवीत घातले की मशीनमध्ये साडेचार मीटरचा गुंता होत नाही. दोन जोड्या ठेवा, म्हणजे ओले रॅप बांधायची वेळ येणार नाही.

आता ग्लोव्ह टाकायचा कधी? मुठीच्या हाडांवरचा फोम अंगठ्याने दाबा. खड्डा तसाच राहिला किंवा आतली हाडं हाताला लागली, तर फोम बसला आहे. असा ग्लोव्ह स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीला, अजिबात नको, समोरच्याला जास्त लागतं. अस्तरात बुरशीचे ठिपके दिसले आणि पुसून, सुकवूनही परत आले, तर बुरशी फोमपर्यंत पोचलेली असू शकते. ती जोडी टाकून द्या, नवशिक्याला वापरायला देऊ नका.