सॅम्युएल लिंकनचं खरं वय: न्यू इंग्लंडमधला प्युरिटन पूर्वज कसा शोधावा

आमचे जावई मॅसॅच्युसेट्सचे. नातीला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितला, तेव्हा माझ्या बाजूची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीतून पटापट आली. जावयांची बाजू मात्र तीन नावांवर अडली. वर फक्त एक ऐकीव वाक्य होतं, ‘आमचे मूळपुरुष प्युरिटनांबरोबर आले.’ प्युरिटन म्हणजे इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध करू पाहणारे, सतराव्या शतकात अमेरिकेत वसाहत करायला आलेले प्रॉटेस्टंट. तिथून मला हा नाद लागला. परदेशी सुना-जावई आता घरोघरी आहेत, तेव्हा ही वाट आणखी कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. उदाहरण जावयांच्या घराण्याचं देत नाही, सगळ्यांना ठाऊक असलेलं घेतो: अब्राहम लिंकन. न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स धरून अमेरिकेच्या ईशान्य भागात, आलेला त्यांचा पूर्वज म्हणजे शीर्षकातला सॅम्युएल लिंकन.

लिंकनना स्वतःला आजोबांच्या पलीकडचं फारसं माहीत नव्हतं. १८४८ मध्ये, काँग्रेसचे सदस्य असताना, मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन यांनी त्यांना घराण्याबद्दल विचारलं. अब्राहम लिंकननी वडील थॉमस, आजोबा अब्राहम इतकं सांगितलं आणि पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आल्याची पुसट आठवण आहे म्हणून कळवलं. १८५९ साली लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात तर त्यांनी सरळ म्हटलं, की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण मॉर्डेकाय, लेव्ही, सॉलोमन अशी नावं दोन्हीकडे आहेत, यापुढे काही हाती लागलं नाही. त्यांनी तिथेच हात टेकले, ओढूनताणून नातं जोडलं नाही. या शोधात हाच पहिला नियम धरा. नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही.

खालून वर चढा

जहाजावरच्या प्रसिद्ध माणसापासून सुरुवात करून खाली येऊ नका. जिवंत माणसापासून निघा आणि दर पिढीला ‘हा याचा मुलगा’ असं सांगणारा कागद मिळाल्याशिवाय वरची पायरी चढू नका. अमेरिकेची जनगणना १७९० पासून आहे, पण १८५० च्या आधी तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीच्यांची नुसती डोकी मोजलेली. त्यामुळे १८५० च्या मागे गेलात की गावच्या नोंदवह्यांना शरण जायचं.

इथे मॅसॅच्युसेट्सवाल्यांचं नशीब थोर. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद ठेवायचा हुकूम वसाहतीने १६३९ मध्येच काढला होता. पुष्कळ गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी गावागावाने छापल्या आहेत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून बरंच काही घरबसल्या पाहता येतं. छापील पुस्तकात नोंद सापडली, की जमेल तिथे मूळ वहीचं पान उघडून पाहा. उतरवून घेणाराही माणूसच होता.

लग्नाची नोंद चर्चमध्ये शोधत बसू नका. प्युरिटनांच्या लेखी लग्न हा दिवाणी करार होता आणि तो मॅजिस्ट्रेटसमोर होई. बाप्तिस्म्याचंही असंच. तो चर्चच्या सभासदांच्या मुलांना मिळे, म्हणून आईबापांपैकी एकजण सभासद झाला की घरातल्या चार मुलांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झालेला दिसतो. ती जुळी-तिळी नव्हेत.

तारखा

नवशिके सगळ्यात जास्त इथे घसरतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि प्युरिटनांना महिन्यांची रोमन देवांची नावं नकोशी, म्हणून ते नुसते आकडे लिहीत. पहिला महिना मार्च. म्हणजे ‘१२व्या महिन्याचा ११वा दिवस, १६३९’ ही आपल्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १६४०. आठवा महिना वाचून ऑगस्ट लिहू नका, तो ऑक्टोबर. सप्त, अष्ट, नव, दश हे सप्टेंबर ते डिसेंबरच्या पोटात आहेतच, ते कानात ठेवा.

शकात ७८ मिळवायचे की ७९, हे ज्याला माहीत आहे त्याला हे जड नाही. शिवजन्माची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० लिहितो. त्याच दिवशी सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून पत्रावर १६२९ घालत असणार. म्हणून जानेवारी ते २४ मार्चमधल्या तारखा तुमच्या वहीत १६२९/३० अशा दुहेरी लिहा, नाहीतर बापाच्या लग्नाआधी मुलगा जन्मलेला दिसेल.

एका गावात चार थॉमस

सुरुवातीच्या हिंगहॅममध्ये थॉमस लिंकन चार होते. गावाने त्यांना धंद्यावरून ओळखलं: विणकर, चक्कीवाला, पिंपं बनवणारा आणि शेतकरी. आपल्याकडे सुतारांचा रामा आणि पाटलांचा रामा, तसंच. अशा वेळी प्रत्येकाचं वेगळं पान करा आणि त्यावर बायको, जमीन, शेजारी, धंदा असं सगळं मांडा. कुठली नोंद कुणाची ते आपोआप उमगतं.

शब्दही फसवतात. नावापुढचं ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेक असं नाही. गावातला त्या नावाचा थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ. ते काका-पुतण्या असू शकतात, एकमेकांचे कुणीच नसूही शकतात. थोरला वारला की कालचा ज्युनियर उद्या सीनियर. ‘कझिन’ लिहिलेला माणूस पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा निघतो, आणि ‘सन-इन-लॉ’ हा जावई नसून सावत्र मुलगाही असू शकतो. मी स्वतः एका जॉनच्या जागी त्याच्या पुतण्याला दोन महिने पूर्वज मानून बसलो होतो. ऑनलाइन वंशवृक्षावरून डोळे मिटून उतरवल्याचं फळ. असे वृक्ष वाटाड्या म्हणून वापरावेत, पुरावा म्हणून नव्हे.

मृत्युपत्र आणि दस्त

जन्मनोंद नसेल तिथे मालमत्तेचे कागद तारतात. लेकीचं सासरचं आडनाव बापाच्या मृत्युपत्रातच सापडतं, म्हणून बायकांचा माग काढायचा तर पुरुषांची मृत्युपत्रं वाचावी लागतात. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तरी वाटणीचा कागद निघतोच. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट वाटा देण्याची बायबलमधली चाल होती. म्हणजे विधवेचा तिसरा हिस्सा बाजूला काढून उरलेल्याचे सात भाग केले असतील आणि एकाला दोन दिले असतील, तर वारस मुलं सहा. तुम्हाला पाचच माहीत असतील तर सहावं शोधा.

माणूस गावच्या वहीतून अचानक नाहीसा झाला, तर तो मेला असं धरू नका. सॅम्युएल लिंकनचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीत गेला, तिथून पेनसिल्व्हेनियात. त्याचा मुलगा जॉन व्हर्जिनियात, जॉनचा मुलगा अब्राहम केंटकीत. त्याचा मुलगा थॉमस, आणि थॉमसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष. ही साखळी लिंकनना हयातीत मिळाली नाही. पुढच्या संशोधकांनी वसाहतींच्या सीमा ओलांडून कागद धुंडाळले, तेव्हा ती सांधली गेली.

समुद्र ओलांडण्याआधी

१६२० ते १६४० या काळात सुमारे वीस हजार माणसं न्यू इंग्लंडला आली असा अंदाज आहे. तुमचा मूळपुरुष त्यात असेल, तर त्याच्यावर आधीच कुणीतरी काम केलेलं असण्याचा संभव मोठा. बॉस्टनला १८४५ साली स्थापन झालेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी आहे. तिथे रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पात या लोकांच्या नोंदी पुराव्यासह दिल्या आहेत. आधी ते पाहा. त्यात मूळ गाव ‘अज्ञात’ लिहिलं असेल आणि एखाद्या संकेतस्थळावर राजघराण्यापर्यंत वंशावळ दिसत असेल, तर संकेतस्थळ सोडून द्या. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना अशा बनावट वंशावळी विकून पैसा केला. त्या अजूनही कुठे कुठे खऱ्या म्हणून फिरतात.

डीएनएकडूनही फार अपेक्षा नको. नेहमीची चाचणी दहा-बारा पिढ्या मागच्या एका माणसाबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा उपयोगी पडतो, पण तो फक्त आडनावाच्या सरळ पुरुषशाखेत.

इंग्लंडमधलं गाव

इंग्लंडमध्ये पॅरिश चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, पण गाव माहीत नसेल तर त्या गवताच्या गंजीसारख्या. गावाचा सुगावा शेजाऱ्यांकडून लागतो. ही माणसं एकेकटी कमी आली, पाद्र्यामागून गावच्या गावं आली. मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅमला ते नाव मिळालं इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या हिंगहॅमवरून, आणि तिथून कोण कोणत्या साली आलं याची यादी गावचे कारकून डॅनियल कुशिंग यांनी करून ठेवली. तुमच्या माणसाच्या जमिनीला लागून कोण होतं, त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार कोण होते, ते पाहा. त्यांची गावं सापडली की याचंही सापडायची शक्यता वाढते.

आता सॅम्युएलचं वय. एप्रिल १६३७ मध्ये यार्मथ बंदरावर निघणाऱ्यांची चौकशी झाली. त्या कागदात नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉझ, बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. त्यातला एक ‘सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८’. पण नॉरफोकच्या हिंगहॅमच्या वहीत एडवर्ड लिंकनचा मुलगा सॅम्युएल याचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२ चा. म्हणजे चौदा वर्षं पूर्ण. वय वाढवून सांगितलं असेल, किंवा बाप्तिस्मा उशिरा झाला असेल. पुष्कळांना पहिलं पटतं, मलाही. तरी वहीत दोन्ही आकडे लिहा आणि एक खोडू नका. अशा वेळी दफनाच्या नोंदीही चाळायच्या. बाप्तिस्मा झालेलं ते मूल लहानपणीच गेलं असेल, तर तुमचा माणूस दुसराच कुणी.

बाप्तिस्मा सापडला की लोक थांबतात. त्यांनी आजोबांचं मृत्युपत्रही शोधावं. १८५८ पर्यंतची मोठ्या मिळकतवाल्यांची मृत्युपत्रं लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, बाकीची त्या त्या जिल्ह्याच्या दफ्तरात, लिंकनांसाठी नॉर्विचला. सॅम्युएलचे आजोबा रिचर्ड लिंकन स्वान्टन मॉर्लीचे, खाऊनपिऊन सुखी, चार लग्नं झालेले. मिळकत त्यांनी चौथीच्या मुलांकडे वळवली आणि पहिलीचा मुलगा एडवर्ड बाजूला पडला. त्याच एडवर्डचा सॅम्युएल परक्या विणकराचा नोकर म्हणून जहाजावर चढला.