केस गळतायत की तुटतायत? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

सोलापुरात केसांचा विषय निघाला की पहिला आरोप पाण्यावर. नळाला पाणी काही दिवसांआड येणार, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. बादलीवर पांढरे डाग पडलेले दिसतात, म्हणजे केस त्यानेच चालले, असा निकाल लागतो. मग कुणी शॉवरला फिल्टर बसवतं, कुणी दर महिन्याला शाम्पू बदलतं. पाणी जड आहे हे खरंच. पण ते त्रास देतं केसाच्या दांड्याला. मुळाशी त्याचा फारसा संबंध नाही, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

म्हणून आधी एक साधी तपासणी. कंगव्यात आलेले दहा-बारा केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो केस मुळापासून सुटलाय. गाठ नाही आणि तुकडे आखूड-लांब आहेत, तर केस मधूनच तुटतोय. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचे उपायही वेगळे.

तुटत असतील तर

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा हा दांडा. बाहेरून क्यूटिकलचे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक बसलेले, आत कॉर्टेक्स. केसाची ताकद आणि रंग या आतल्या भागात. पापुद्रे उचकटले की केस राठ होतो, गुंततो, टोकाला दुभंगतो. दुभंगलेलं टोक कोणत्याही क्रीमने कायमचं जुळत नाही, ते कापावंच लागतं. मात्र टोकं कापल्याने केस भराभर वाढतो हेही खरं नाही. मुळाला टोकाची खबर नसते.

जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साबणाशी संयोग झाला की न विरघळणारा चिकट थर तयार होतो आणि तो केसांवर बसतो. त्यामुळे अंगाच्या साबणाने केस धुणं ही बोअरच्या पाण्यावरची सगळ्यात मोठी चूक. शाम्पू वापरा, नंतर केसांच्या लांबीला कंडिशनर लावा आणि घरात त्यातल्या त्यात हलकं पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या. महिन्यातून एखाद्या वेळी क्लॅरिफाइंग शाम्पूने साठलेला थर निघतो. तो रोज वापराल तर केस कोरडे पडतील, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आधीच कोरडे असतात.

आता टॉवेल. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. पण ओले केस त्याने खसाखसा पुसू नका. पाण्याने केसाला घट्ट धरणारे हायड्रोजन बंध सुटतात, केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. जुना सुती पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्या. गुंता रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत जा. ओल्या केसांची घट्ट वेणी तर नकोच. रोजच्या घट्ट वेणी-अंबाड्याने कपाळाजवळचे केस मुळातूनही जातात.

तेलाबद्दल घरोघरी मतं आहेत. खोबरेल तेल केसात खरंच शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. ते न्हाण्याआधी लांबीला लावा. मात्र मुळाला अन्न रक्तातून मिळतं, तेलातून नाही. कोंडा असेल तर टाळूवर तेल चोपडणं उलट अंगाशी येतं, कारण कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया ही बुरशी तेलावरच जगते. तिथे किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या शाम्पूचा फेस तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवा.

मुळापासून जात असतील तर

दिवसाला 50 ते 100 केस जाणं नेहमीचं आहे. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, साधारण तीन महिने तो नुसता टिकून राहतो आणि मग गळतो. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपाशी राहून घटवलेलं वजन, असा धक्का बसला की बरेच केस एकदम या थांबलेल्या अवस्थेत जातात. गळती दिसते दोन-तीन महिन्यांनी. सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंगी झाला तर केस जायला लागतील डिसेंबर-जानेवारीत, गड्डा यात्रेच्या सुमारास. तेव्हा आदल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला कशाला दोष द्यायचा? कारण दूर झालं की अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

थांबली नाही तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासा. मेडिकलमधून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांमुळे थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. बायोटिनची खरी कमतरता तशीही क्वचितच असते.

तिरुपतीला केस दिले की दाट येतात, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. नवस असेल तर जरूर द्या. पण वस्तऱ्याने मूळ बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून केस जाड वाटतो, एवढंच. वाढीचा वेगही तोच, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर.

चाई पडली, भांग रुंदावत चालला, टाळूला खाज किंवा पू असेल तर घरगुती प्रयोग सोडून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांनी मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध दिलं तर सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते. त्या भीतीने ते मध्येच सोडणारे खूप. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर हे औषध स्वतःच्या मनाने घ्यायचंच नाही. आणि औषध सुरू करण्यापूर्वी भांगाचा एक फोटो काढा, पुढे दर महिन्याला त्याच उजेडात काढत जा. आरशात रोज पाहून बदल कळत नाही, डॉक्टरांना मात्र त्या फोटोंवरून लगेच कळतो.