घरातल्या माणसांवर प्रीती करताना या चुका टाळा

परवा उपासना सुटल्यावर एक ताई म्हणाल्या, आमचं घर प्रार्थनेचं आहे हो, तरी दोन सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग देवाने आम्हाला सोडलं का? नाही ताई, सोडलेलं नाही, पण आपण काही चुका हमखास करतो, मी पण केल्यात, म्हणून लिहितोय.

पहिली म्हणजे भांडण झाकणं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) घरी आले की सगळे हसून चहा देणार, ते गेले की परत दारं आपटणार. अहो बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, नीट वाचा ना! बाप इसहाक, त्याचा जीव थोरल्या एसावावर, आई रिबकेचा धाकट्या याकोबावर, त्यापायी भाऊ भावाच्या जिवावर उठला, आणि हे सगळं भोगलेला याकोब स्वतः बाप झाल्यावर पायघोळ झगा करतो तो सगळ्या मुलांत एकट्या लाडक्या योसेफालाच. तरी देव त्या घराला धरून राहिला. मग त्याच्यापुढे काय लपवायचं, कुटुंब प्रार्थनेत दुखणं नाव घेऊन सांगा की.

दुसरी चूक फार जीवघेणी आहे. क्षमा केली म्हणजे लगेच सगळं पहिल्यासारखं झालं पाहिजे असं धरून चालतो आपण. योसेफ 17 वर्षांचा असताना भावांनी त्याला चांदीच्या 20 शेकेलला विकलं, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तो 30 चा, मग सुकाळाची 7 वर्षं आणि दुष्काळाची 2, म्हणजे समेट व्हायला साधारण 22 वर्षं गेली. आणि दुष्काळात भाऊ धान्य मागायला समोर आले तरी त्याने ओळख दिली नाही, धान्य दिलं पण त्यांना पारखलं, भाऊ यहूदा धाकट्या बन्यामीनच्या जागी गुलाम राहायला तयार झाला तेव्हा मात्र त्याला राहवेना. राग सोडणं आपल्या हातात असतं, भरवसा बसायला वेळच लागतो. म्हणून मार खाणाऱ्या बहिणीला "क्षमा कर आणि नांदायला जा" असं प्लीज सांगू नका. आधी तिला सुरक्षित जागी न्या, 181 ही महिला हेल्पलाइन लावून द्या.

आणि हो, 1 करिंथ 13, म्हणजे बायबलमधला प्रीतीचा अध्याय, सुनेला ऐकवायला नाहीये. प्रेषित पौलाने ते तट पडलेल्या करिंथच्या मंडळीला (चर्चला) लिहिलंय, म्हणजे आधी माझ्यासाठी.

मी आणि माझा थोरला भाऊ, घराच्या वाटणीवरून 6 वर्षं बोलणं नाही. पहिली 2 वर्षं माझी प्रार्थना एकच, प्रभू त्याचं मन बदल. माझ्या मनाचं काय हे सुचलंच नाही. मग आईने सांगितलं म्हणून दर नाताळला करंज्यांचा डबा त्याच्या दारात ठेवायला लागलो. 3 वर्षं डबा घासूनपुसून रिकामा परत आला. मागच्या नाताळात उघडला तर तळाशी मूठभर साखर होती. फोन अजून आलेला नाही.