पायराइटमधलं न दिसणारं सोनं कसं शोधावं

पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असलेल्या खडकाच्या पॉलिश केलेल्या तुकड्यात सोन्यासारखं पिवळं काही चमकलं नाही, म्हणून ‘सोनं नाही’ असं लिहून टाकू नका. नवीन असताना मी तेच लिहिलं होतं. नंतर त्याच खडकाची भुकटी तपासली आणि सोनं निघालं. तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तासभर फिरवला, तरी एक कण दिसला नाही. तेव्हापासून मी आधी आर्सेनिक शोधते, सोनं मग.

खोलवरच्या तप्त पाण्यात सोनं बहुतेक वेळा विरघळलेल्या गंधकाला धरून वाहतं. वाटेत लोहयुक्त खडक लागला की गंधक लोहाशी जुळून पायराइट बनतो आणि सोन्याचा आधार सुटतो. पाणी उकळलं तरी हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन निघून जातो, परिणाम तोच. म्हणजे पायराइट वाढत असतानाच सोनं मोकळं होतं. त्या पायराइटमध्ये गंधकाच्या जागी थोडं आर्सेनिक शिरलेलं असेल, तर वाढता पृष्ठभाग सोन्याला सामावून घेतो. साधारण पन्नास आर्सेनिक अणूंमागे एक सोन्याचा अणू, ही मर्यादा. त्यापुढचं सोनं अतिसूक्ष्म कण होऊन वेगळं पडतं. अमेरिकेतल्या नेवाडामधल्या कार्लिन खाणपट्ट्याचं सोनं मुख्यतः अशाच पायराइटमध्ये आहे.

आता कामाला लागा. शेवटचं पॉलिश एक मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टने, सावकाश. पायराइट कठीण आणि सोनं मऊ, त्यामुळे घाई केली तर सोन्याचा कण निखळतो किंवा फासला जातो. चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाच्या पिवळेपणाला फसू नका. सोनं त्याहून कितीतरी झळाळतं.

मग भेगा बघा. जुना पायराइट तुटून त्यात नंतरचं पाणी शिरलं, तर ते कडा विरघळवून पुन्हा बसवतं. तेव्हा आत दडलेलं सोनं बाहेर पडून भेगेत, बरेचदा गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या शेजारी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल असं साठतं.

भेगा रिकाम्या असतील तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बॅकस्कॅटर चित्रात, जिथे जड मूलद्रव्यं जास्त उजळ दिसतात, पायराइटच्या दाण्याचे पट्टे पाहा. झाडाच्या वर्तुळांसारखे असतात. आर्सेनिकचे पट्टे जास्त उजळ. ही सोय नसेल तर आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट लावून पृष्ठभाग रसायनाने हलकेच झिजू द्या, पट्टे उमटतात. फोटो काढा आणि मगच पुन्हा पॉलिश करा.

यानंतर लेझर: तो ठिपक्याएवढा भाग उडवतो आणि जोडलेलं यंत्र त्यातली मूलद्रव्यं मोजतं. एक ठिपका दाण्याच्या गाभ्यात, एक उजळ पट्ट्यात घ्या. दोघांची सरासरी काढू नका, पट्ट्याची गोष्ट त्यात बुडून जाते. दहा लाखांत एक भाग इतकं सोनंही लेझरला सापडतं. मात्र आकड्याआधी मोजणीचा आलेख वाचा. सोन्याची रेषा सपाट चालली तर सोनं बहुधा स्फटिकाच्या अणूंच्या जाळीत बसलेलं आहे किंवा अगदी बारीक, एकसारखं पसरलेलं. मध्येच टोकदार उसळी आली तर लेझरने वेगळा कण फोडला.

चांदीसाठी गॅलेनाकडे वळा, पण तिथे आर्सेनिकऐवजी अँटिमनी किंवा बिस्मथ सोबत मोजा: चांदीचा एक अणू आणि त्यांच्यापैकी एक मिळून शिशाच्या दोन अणूंची जागा घेतात.