नवीन ऑर्थो सर्जननी शोल्डरची सर्जरी कशी शिकायची, सोलापुरात राहून

एमएसच्या तीन वर्षांत हिप, फीमर, टिबिया हाताखालनं भरपूर जातात, पण खांदा बहुतेकांचा राहूनच जातो. मग प्रॅक्टिस चालू केली की ओपीडीत रोज खांदेवाले येतात, लूमवरचे (यंत्रमागावरचे) कामगार, विडीकाम करणाऱ्या मावशी, शुगरवाले, आणि दोन दिवसांचं वर्कशॉप करून आलं की लगेच स्कोप (सांध्यात घालायची दुर्बीण) हातात घ्यावासा वाटतो. थोडं थांबा. मी ज्या क्रमाने शिकलो आणि ज्या क्रमाने शिकायला पाहिजे होतं ते दोन्ही सांगतो.

सुरुवात तपासण्यापासून. पेशंटला शर्ट काढायला लावा, दोन्ही खांदे उघडे, आणि आधी मागून बघा. खांद्याच्या फऱ्याच्या स्पाइनच्या (आडव्या कण्याच्या) वर खड्डा पडलाय का, म्हणजे तिथला सुप्रास्पायनेटस स्नायू वाळलाय का ते मागूनच कळतं. मग कोपर अंगाला चिकटवून तुम्ही स्वतः हात बाहेर फिरवा. पेशंटला जमत नाही पण तुमच्या हाताने फिरतो तर रोटेटर कफकडे (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या टेंडनकडे) बघा, तुमच्याही हाताने फिरत नाही तर फ्रोझन शोल्डर, आर्थरायटिस नाहीतर मागे अडकलेलं डिसलोकेशन. मान तपासा, शुगर विचारा. एमआरआय नंतर.

हे मी जीव तोडून सांगतोय कारण माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका पेशंटला फिट येऊन गेल्यावर खांदा आखडला होता, "डॉक्टर, हात बाहेर जातच नाय" एवढंच तो म्हणायचा, मी समोरून काढलेला एक एक्सरे बघितला, सांधा जागेवर वाटला, आणि फ्रोझन शोल्डर म्हणून दोन महिने व्यायाम करायला लावले. ते पोस्टेरियर डिसलोकेशन होतं, म्हणजे सांधा मागे निखळलेला. अ‍ॅक्सिलरी व्ह्यू (काखेच्या बाजूने घेतलेला एक्सरे) काढला असता तर त्याच दिवशी दिसलं असतं. तेव्हापासून ट्रू एपी (सांध्याच्या नेमकं समोरून), स्कॅप्युलर वाय (बाजूने) आणि अ‍ॅक्सिलरी असे तिन्ही व्ह्यू आल्याशिवाय मी खांद्यावर मत देत नाही, तुम्हीही देऊ नका.

दुसरी पायरी ओपन सर्जरीची. डेल्टोपेक्टोरल (डेल्टॉइड आणि छातीचा स्नायू यांच्या मधून पुढून जायचा) अ‍ॅप्रोच डोळे मिटून यायला पाहिजे, त्या वाटेतली सेफॅलिक व्हेन सापडते, सांभाळता येते, इथपर्यंत. आपल्याकडे प्रॉक्सिमल ह्युमरसची (दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाची) फ्रॅक्चरं भरपूर येतात, त्यावरच हात बसतो. प्लेट ग्रेटर ट्युबरॉसिटीच्या (हेडशेजारच्या उंचवट्याच्या) टोकापासून ५ ते ८ मिलिमीटर खाली ठेवा, वर राहिली तर हात वर करताना ती खांद्याच्या छपरासारख्या हाडाला, म्हणजे अ‍ॅक्रोमियनला अडते. खालचे काल्कर (आतल्या-खालच्या बाजूचे) स्क्रू सोडू नका, नाहीतर हेड आतल्या बाजूला झुकतं. आणि टाके घालायच्या आधी सीआर्मखाली (ओटीतल्या एक्सरे मशीनखाली) हात पूर्ण फिरवून बघा, कारण एकाच अँगलला हाडात दिसणारा स्क्रू दुसऱ्या अँगलला सांध्यात घुसलेला असतो. डेल्टॉइड फाडून जायचं असेल तर अ‍ॅक्रोमियनच्या कडेपासून ५ सेंटिमीटरच्या आसपास अ‍ॅक्सिलरी नर्व्ह आहे हे लक्षात ठेवा, तिथेच एक टाका घालून ठेवला की चीर खाली सरकत नाही.

आता स्कोप. त्याची प्रॅक्टिस घरी होते, खरंच. पुठ्ठ्याचा खोका घ्या, दोन भोकं पाडा, मोबाईलला लागणारा स्वस्त कॅमेरा एकातनं आणि ग्रास्पर (पकडायचं हत्यार) दुसऱ्यातनं घाला, आत दोन वाट्या ठेवा आणि फक्त स्क्रीनकडे बघून एका वाटीतले शेंगदाणे दुसऱ्या वाटीत टाका. पहिल्या दिवशी दहा दाण्यांना घाम फुटेल, पण ट्रायँग्युलेशन, म्हणजे कॅमेरा आणि हत्यार एकाच जागी आणणं, यातनंच येतं. गाठी बुटाच्या नाडीवर शिका, नाडी पलंगाच्या दांड्याला अडकवायची, एक स्लायडिंग नॉट (सरकती गाठ) नीट बसवायची आणि त्यावर तीन हाफ हिच (अर्ध्या गाठी), दरवेळी पोस्ट (ज्या दोऱ्याभोवती गाठ बसते तो) बदलून. पाच गाठी येण्यापेक्षा एकच गाठ झोपेत येऊ दे. माझ्या एका लूमवाल्या पेशंटने तुटलेला धागा चालता चालता बोटांवर कसा जोडतात ते दाखवलं होतं, बोटांकडे तो बघतसुद्धा नव्हता. आपला हातही तसाच बसायला पाहिजे.

ओटीत पोझिशन स्वतः द्या, कुणावर सोडू नका. बीच चेअरमध्ये (पेशंट अर्धवट बसलेला) मान सरळ, डोळे झाकलेले. आणि बीपीचं अ‍ॅनेस्थेटिस्टशी आधीच बोला: बीपीचा कफ दंडावर असतो, मेंदू त्याच्या वर, दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर (पाऱ्याचं) प्रेशर कमी धरायचं, म्हणजे २० सेंटिमीटरच्या फरकाला १५ गेले. रक्त दिसतंय म्हणून बीपी खाली आणा असं सांगताना हा हिशोब डोक्यात असू दे.

पेनने अ‍ॅक्रोमियन, क्लॅव्हिकल, कोराकॉइड (पुढचं चोचीसारखं हाड) आखून घ्या. सूज आली की काही हाताला लागत नाही. मागचा पोर्टल (स्कोप घालायचं भोक) अ‍ॅक्रोमियनच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यापासून २ सेंटिमीटर खाली आणि १ ते २ आत, टोक कोराकॉइडकडे. पुढचा पोर्टल कायम कोराकॉइडच्या बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला नर्व्ह आणि व्हेसल आहेत. पहिल्या काही केसेसमध्ये फक्त बघायचं, दरवेळी बायसेपपासून सुरू करून त्याच क्रमाने पूर्ण सांधा. मग बायसेप टेनोटॉमी (बायसेपचा टेंडन कापून सोडणं), मग लहान कफ टेअर, त्यानंतर बँकार्ट (निखळणाऱ्या खांद्यातलं सुटलेलं लॅब्रम शिवणं). बँकार्टच्या आधी सीटी कराच. ग्लेनॉइडचं (खांद्याच्या खोबणीचं) हाड २० ते २५ टक्के गेलं असेल तर नुसतं लॅब्रम (खोबणीची मऊ कड) शिवून टिकत नाही, आणि आता साडेतेरा टक्क्यांपासूनच सावध राहतात. लॅटर्जे (कोराकॉइडचं हाड कापून खोबणीला लावणं) मात्र फेलोशिप करून किंवा सीनिअर शेजारी उभा असतानाच.

मी स्वतःला दीड तासाची मर्यादा घातली होती, त्यात काम पुढे सरकलं नाही तर ओपन करायचं. त्यात कमीपणा नाही, आणि तशी कन्सेंट आधीच घेऊन ठेवायची.

शिकायला फार लांब जायला लागतं असं नाही. महिन्यातनं एकदा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जा, एकाच सर्जनच्या ओटीत दिवसभर उभे राहा, संध्याकाळच्या गाडीने परत या. दहा जणांचं एकेकदा बघण्यापेक्षा एकाचं दहादा बघितलेलं कामाला येतं. कॅडॅव्हर वर्कशॉप त्यानंतर करा, म्हणजे काय विचारायचं ते माहीत असतं.

आणि पेशंटशी ऑपरेशनच्या आधी पगाराचं बोला. कफ शिवल्यावर ४ ते ६ आठवडे स्लिंग, जड कामाला त्याहून कितीतरी जास्त वेळ, आणि लूमवर पीसवर पैसे मिळतात, काम नाही तर पैसे नाहीत. हे त्याला नंतर कळलं तर तो तिसऱ्या आठवड्यात स्लिंग काढून कामावर जाणार, आणि तुमचा अँकर (टेंडन हाडाला धरणारा खुंटा) चांगला असून टेंडन सुटणार. बायकोला किंवा भावाला समोर बसवूनच सांगा.

वही ठेवा. प्रत्येक केसला किती वेळ लागला, कुठे अडलं, ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी, वर्षाने हात किती वर गेला. डिस्चार्जच्या कार्डवर पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि दोन फोन नंबर घ्या, एक घरातल्या कुणाचा तरी, कारण मंगळवेढा-सांगोल्याकडचा पेशंट ऊसतोडीला गेला की त्याचा स्वतःचा फोन लागत नाही.