व्यापार धोरण, व्याजदर आणि ग्रोथ: रिग्रेशन चालवण्याआधी एवढं कराच

व्यापार धोरण आणि व्याजदर यांचा ग्रोथवर (आर्थिक वाढीवर) काय परिणाम होतो, हा विषय प्रोजेक्टसाठी घेतला की बरेच जण वर्ल्ड बँकेचा डेटा उतरवतात, टॅरिफ (आयात शुल्क), व्याजदर, महागाई, जीडीपी एका शीटमध्ये टाकतात आणि रिग्रेशन (आकड्यांमधलं नातं मोजायची संख्याशास्त्रीय पद्धत) चालवून मोकळे होतात. मीही आधी तेच केलं आणि उत्तर आलं की व्याजदर वाढवला की महागाई वाढते! ह्याला प्राइस पझल म्हणतात. कारण साधं आहे, महागाई येताना दिसते म्हणूनच तर केंद्रीय बँक दर वाढवते, मग दोन्ही सोबतच वर जाणार ना.

म्हणून सगळ्यात आधी विचारा, धोरण तेव्हाच का बदललं? २००४ मध्ये क्रिस्टिना आणि डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञांनी फेडच्या (अमेरिकेच्या केंद्रीय बँकेच्या) प्रत्येक मीटिंगमधला दरबदल घेतला, त्यातला जेवढा भाग फेडच्याच अंदाजांवरून समजतो तेवढा वजा केला आणि उरलेला भाग शॉक, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या अंदाजाशी संबंध नसलेला बदल, म्हणून वापरला. आता बरेच जण दराच्या घोषणेच्या आसपासच्या ३० मिनिटांत फ्युचर्स (पुढच्या व्याजदरावरचे बाजारातले सौदे) किती हलले ते बघतात, पण त्याला बारीक डेटा लागतो.

व्यापारात घोळ वेगळाच. आयात-निर्यात भागिले जीडीपी म्हणजे धोरण नाही, तो परिणाम आहे, श्रीमंत झाल्यामुळेही व्यापार वाढतो. सरासरी टॅरिफ घेताना आयातीचं वजन लावलंत तर अजून फसाल, कारण ज्या मालावर कर इतका जबर की तो येतच नाही, त्याचं वजन शून्य, म्हणजे सगळ्यात बंद देश खुला दिसायला लागतो. साधी सरासरीपण सोबत द्या. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ बंद होता, काही देशांमधलं सागरी अंतर एकदम वाढलं आणि ते कोणी ग्रोथ बघून ठरवलं नव्हतं, असा धक्का सापडला तर सोनं! फक्त त्यातून व्यापाराचा परिणाम कळतो, टॅरिफचा नाही, हे स्पष्ट लिहा.

जीडीपीची लेव्हल तशीच वापरू नका, युनिट रूट (म्हणजे आकडा धक्क्यानंतर जुन्या वाटेवर परत न येता भरकटत राहतो का) तपासा, नाहीतर नुसत्या ट्रेंडमुळे नातं दिसतं.

देश व्यापाराला किती खुला आहे ते सांगणारा तयार इंडेक्स (निर्देशांक) घेणार असाल तर त्याचे घटक एकेक काढून परत चालवा. सॅक्स आणि वॉर्नर या अर्थशास्त्रज्ञांचा १९९५ चा ओपननेस (खुलेपणाचा) इंडेक्स पाच घटकांचा, पण रॉड्रिग्ज आणि रॉड्रिक यांनी २००० मध्ये दाखवलं की त्याचा जोर मुख्यतः दोनांतूनच येतो, परकीय चलनाच्या काळ्या बाजारातला प्रीमियम (अधिकृत दरापेक्षा जास्त मोजावी लागणारी किंमत) आणि निर्यातीवरची सरकारी मक्तेदारी. टॅरिफचा वाटा फारच थोडा.