गाईच्या शरीराचे इशारे वाचताना या चुका टाळा

पावसाळ्यातली सकाळ. गोरेगावच्या एका तबेल्यात मला दोन संकरित गाई दाखवल्या. पहिलीला १०६ ताप होता, एक सड फुगून तापलेला आणि धारेत दुधाऐवजी पिवळसर पाणी. दुसरी मालकांनी जाता जाता पुढे केली. "मॅडम, हिचं दूध जरा उतरलंय, बाकी काही नाही." ती खात होती, रवंथ करत होती, कासेला हात लावला तरी लाथ मारत नव्हती. आम्ही सगळे पहिलीभोवती जमलो. ती आठवड्याभरात बरी झाली. दुसरीने मात्र पुढच्या दोन महिन्यांत शेजारच्या दोन गाईंना दगडी, म्हणजे जंतूंमुळे होणारा कासेचा दाह, लावली.

त्या दिवशीची चूक माझी होती. मी आजार किती मोठा आहे हे सुजेवरून ठरवलं. नव्याने काम सुरू करणाऱ्या डॉक्टरांना आणि तबेलेवाल्यांना मी हीच गोष्ट आधी सांगते, कारण बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

सूज मोठी म्हणजे आजार मोठा, असं धरून चालणं

ताप, सूज, दुधातल्या गाठी यांतला बराचसा भाग जंतू करत नाही, गाईचं शरीर करतं. कासेतल्या पेशींवर जंतू ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. ई. कोलाय या जंतूच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचा घटक असतो. टीएलआर-४ हा रिसेप्टर तो ओळखतो, पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि काही तासांत टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-८ असे निरोप बाहेर पडू लागतात. रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या हाकेला ओ देऊन कासेत धावतात. ताप चढतो, कास सुजते, गाय चारा सोडते. पहिल्या गाईत हेच चाललं होतं.

स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे स्टॅफ, या दुसऱ्या जंतूकडे एलपीएस नसतंच. त्याच्या भिंतीतले घटक मुख्यतः टीएलआर-२ ओळखतो आणि कासेत त्याची हाक फार क्षीण उठते. प्रयोगात हे दोन जंतू वेगवेगळ्या गाईंच्या कासेत सोडले, तेव्हा ई. कोलायच्या दुधात टीएनएफ आणि इंटरल्युकिन-८ भरपूर सापडले, स्टॅफच्या दुधात जवळपास नाहीच. न्यूट्रोफिल येतात, पण जंतू निपटून काढायला ते पुरत नाहीत. स्टॅफ कासेच्या पेशींच्या आत शिरतो, बारीक गळवं करून बसतो आणि वर्षभरही टिकतो. दूध काढणाऱ्याच्या हातावरून, पुसायच्या फडक्यावरून तो पुढच्या गाईपर्यंत जातो. तबेल्याचं खरं नुकसान ही गप्प गाय करते.

म्हणून गाय कितीही धडधाकट दिसो, पंधरा दिवसांतून एकदा चारही सडांची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, द्रावणाने दुधातल्या पेशी जोखणारी चाचणी) करा. पॅडल आणि द्रावण मिळून खर्च किरकोळ आहे. दुधात पेशींची संख्या मिलिलिटरला २ लाखांच्या वर गेली, तर त्या सडात काहीतरी चाललंय असं समजा.

ताप उतरला, सुटलो

उपचारांनंतर गाय उभी आहे, पाणी पितेय, कान कोमट आहेत आणि ताप १०२ च्या खाली आलाय, तर उत्तम. पण ई. कोलायच्या जबर दगडीत एलपीएस रक्तात उतरलं की कधी कधी ताप सामान्यपेक्षाही खाली जातो. कान गार पडतात, डोळे खोल जातात, गाय बसते ती उठत नाही. "डॉक्टर, सुई लागू पडली, ताप गेला" असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, "कान कसे लागतात हाताला?" गार असतील तर शिरेतून सलाईन देण्याची घाई असते. तिथे अर्धा तासही मोलाचा असतो.

रिपोर्टमध्ये "वाढ नाही" आलं म्हणून निर्धास्त होणं

दुधातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात, त्या रिपोर्टमधल्या या दोन शब्दांचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. ई. कोलायमध्ये गाय आजारी दिसेपर्यंत न्यूट्रोफिलांनी बरेचसे जंतू मारलेले असतात, म्हणून नमुन्यात काही उगवत नाही. स्टॅफमध्ये जंतू सतत बाहेर पडत नाही, आज येतो, चार दिवस येत नाही. एका रिकाम्या रिपोर्टवर गाईला निर्दोष ठरवू नका, काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने घ्या. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या सुईच्या आधीचा हवा. लांबचे सड आधी पुसा, जवळचे शेवटी, आणि नमुना घेताना उलट, जवळचे आधी. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या. आम्ही ज्याला खराब नमुना म्हणतो, तो बहुतेक वेळा स्पिरिटचा बोळा फिरवायचा कंटाळा केल्यामुळे खराब झालेला असतो.

डेक्सामेथासोनची सवय

सूज पटकन उतरते, मालक खूश होतात. पण हे स्टेरॉइड एनएफ-कप्पा-बीचाच आवाज दाबतं. न्यूट्रोफिलांना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायला लागणारं एल-सिलेक्टिन कमी होतं, ते रक्तातच फिरत राहतात आणि कासेत पोचत नाहीत. तपासणीत त्यांचा आकडा वाढलेला दिसतो, म्हणून शरीर जोरात लढतंय असं वाटतं. प्रत्यक्षात फौज वेशीबाहेर अडकलेली असते. गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यांत तर यानं वासरू वेळेआधी पडू शकतं. वेदना आणि दाहासाठी मेलोक्सिकॅम आहे. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन २०२३ पासून. या औषधांचा अंश असलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरतात म्हणून. कुठे जुनी बाटली उरली असेल तर ती वापरू नका.

व्यायच्या सुमारास गाईच्या स्वतःच्या शरीरातलं कॉर्टिसॉल वाढतं आणि हेच सगळं थोड्या प्रमाणात आपोआप घडतं. ताज्या व्यायलेल्या गाईला दगडी लवकर धरते त्याचं हे एक मोठं कारण. त्या पंधरवड्यात तिची जागा कोरडी ठेवा. धार काढल्यावर अर्धा तास पुढ्यात वैरण टाका म्हणजे ती उभी राहील. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. मुंबईच्या पावसात ओल्या सिमेंटवर हे दोन नियम औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत.

गाईचं रक्त माणसाच्या मापानं मोजणं

मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे, म्हणून ही चूक इथे जास्त होते. माणसाच्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त असतात, निरोगी मोठ्या गाईत लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त. माणसांसाठी लावलेलं यंत्र गाईच्या पेशी नीट वेगळ्या करत नाही, स्लाइड डोळ्यांनी बघावी लागते. माणसात संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी वाढतात, गाईत मात्र जबर संसर्गाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत त्या घटतात, कारण तिच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलांचा साठा थोडा असतो. अशा वेळी "काउंट कमी आहे, इन्फेक्शन नाही" असं लिहून आलेला कागद गाईचा जीव घेऊ शकतो. दाह झाला की माणसाच्या रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचंही तसंच. गाईत तो फारसा उपयोगी नाही. तिच्यात हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन बघायचं, ते निरोगी गाईत जवळपास नसतंच आणि दाहात कित्येक पटींनी चढतं.

एकाच बर्फाच्या डब्यात सगळं भरणं

हे मी स्वतः केलंय. टीबीसाठी इंटरफेरॉन गॅमाची चाचणी करायची होती, म्हणजे रक्तातल्या जिवंत टी पेशी टीबीच्या प्रथिनांना उत्तर देतात का ते बघायचं होतं. दुधाचे नमुने आणि रक्ताच्या नळ्या एकाच थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून मी गोरेगावहून परळकडे निघाले, हायवेवर दोन तास अडकले. सगळ्या गाई निगेटिव्ह आल्या. मायटोजेन (जिवंत टी पेशींना हमखास चेतवणारा पदार्थ) घातलेली कंट्रोल नळीसुद्धा निगेटिव्ह आली, तेव्हा कळलं की पेशींना प्रतिसाद देण्याची ताकदच उरली नव्हती. दुधाला बर्फ हवा, या रक्ताला नको. ते हेपारिनच्या नळीत, सावलीत, नेहमीच्या तापमानाला, त्याच दिवशी पोचलं पाहिजे. ईडीटीएची नळी चालत नाही. ती कॅल्शियम बांधून ठेवते आणि त्याच्याशिवाय टी पेशी उत्तर देत नाहीत.

त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी ७२ तासांनी कॅलिपरने मोजायची असते. दुसऱ्या दिवशी नुसतं बघून "काही नाही" म्हणू नका. खूप पुढे गेलेल्या टीबीत किंवा नुकतीच व्यायलेली असताना आजारी गाईची गाठ उठतही नाही. लगेच पुन्हा टोचली तर प्रतिसाद दबलेला असतो, म्हणून मध्ये निदान ४२ दिवस जाऊ द्या. तोवर संशयित गाय वेगळी बांधा आणि दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, घरच्या मुलांनाही नाही.

पेशींवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एवढंच: ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनात एलपीएसचा अंश राहिला, तर तुम्ही मोजताय तो त्या अंशाचा परिणाम असेल. आणि टीएनएफचा एमआरएनए (ते प्रथिन बनवण्याचा पेशीतला निरोप) पहिल्या काही तासांतच चढून उतरतो, फक्त २४ तासांवर नमुना घेतलात तर हाती काही लागणार नाही.

त्या दुसऱ्या गाईचा पहिला नमुना रिकामा आला होता, दुसराही. तिसऱ्यात मागच्या उजव्या सडात स्टॅफ सापडला. आता ती रांगेच्या टोकाला बांधलेली असते. तिची धार सगळ्यात शेवटी निघते, फडकं तिचं वेगळं, आणि मालक दर पंधरा दिवसांनी सीएमटीचं पॅडल स्वतः हातात घेतात.